क्लास तोच, लोडर दुसरा

सर्व्हरच्या लॉगमध्ये कधीतरी अशी ओळ येते: ‘ऑर्डर’ या क्लासचं ‘ऑर्डर’ या क्लासमध्ये कास्टिंग होऊ शकत नाही. दोन्हीकडे पॅकेज तेच, नाव तेच, काना-मात्रेचाही फरक नाही. पहिल्यांदा वाचणाऱ्याला वाटतं, संदेश छापण्यातच काहीतरी घोळ आहे. मग तो प्रोजेक्ट ‘क्लीन’ करतो, पुन्हा बिल्ड करतो, सर्व्हर बंद करून चालू करतो. कधीकधी एवढ्यावर चूक जाते आणि खरी पंचाईत तिथेच होते. ती का गेली हे कुणालाच कळलेलं नसतं आणि पुढच्या डिप्लॉयमेंटला ये रे माझ्या मागल्या.

तो संदेश मात्र अक्षरशः खरा असतो. प्रोग्रॅम चालू असताना जेव्हीएमच्या लेखी क्लासची ओळख दोन गोष्टींनी ठरते: त्याचं पूर्ण नाव आणि ज्या क्लासलोडरने तो डिफाइन केला तो लोडर. एकच क्लास फाइल, बाइट न् बाइट तीच, दोन लोडरनी स्वतंत्रपणे डिफाइन केली तर जेव्हीएममध्ये दोन वेगळे क्लास तयार होतात. त्यांचे स्टॅटिक व्हेरिएबल वेगळे आणि सिंगलटनही वेगळे. एकाचा ऑब्जेक्ट दुसऱ्याच्या व्हेरिएबलमध्ये बसत नाही.

जमिनीचे व्यवहार केलेल्या माणसाला हे फार समजावून सांगावं लागणार नाही. गट क्रमांक ११२ कितीतरी गावांत असतो. मौजे कोणतं ते सांगितल्याशिवाय सातबारा निघत नाही. क्लासचं नाव म्हणजे गट क्रमांक आणि लोडर म्हणजे मौजे. तलाठी दोन्ही विचारतो. जावाच्या एररच्या संदेशात मात्र वर्षानुवर्षं नुसता गट क्रमांक छापून येत होता. जावा ११ पासून क्लासकास्टएक्सेप्शनच्या संदेशात दोन्ही क्लासचे लोडरही लिहून येतात. संदेश त्यामुळे लांबलचक होतो आणि लोक तो पहिल्या ओळीनंतर वाचत नाहीत, ही गोष्ट वेगळी.

या पुस्तकाचा सगळा भर एका प्रश्नावर आहे: हा क्लास कोणत्या लोडरने, कोणत्या फाइलमधून आणला? प्रत्यक्षात टीममध्ये विचारला जातो तो भलताच प्रश्न: जार आहे का? हे दोन प्रश्न एकच आहेत असं समजल्यामुळे जितका वेळ वाया जातो, तितका वेब अ‍ॅप्लिकेशनच्या जगात क्वचितच दुसऱ्या कशाने जात असेल. ‘क्लास सापडत नाही’ असा संदेश आला की कुणीतरी जार शोधून आणतो आणि वेब-इन्फच्या लिब फोल्डरमध्ये टाकतो. तेवढ्याने भागलं नाही तर तोच जार टॉमकॅटच्या स्वतःच्या लिबमध्ये जातो. तिथून सर्व अ‍ॅप्लिकेशनना तो दिसतो म्हणून चूक तात्पुरती दबते. आता एकच जार दोन पातळ्यांवर बसलेला असतो, आणि सहा महिन्यांनी एकाची आवृत्ती बदलली की जो तमाशा होतो त्याचा या जुन्या उपायाशी संबंध असेल हे कुणाच्या डोक्यातही येत नाही. क्लासलोडिंगचे निम्मे संघर्ष असेच, आधीच्या संघर्षावर केलेल्या उपायातून जन्मतात असं माझं मत आहे.

ही गुंतागुंत जावाने ठेवलीच कशाला, असा प्रश्न कुणीही विचारील. त्यासाठी थोडं मागे जावं लागतं. १९९५ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने जावा जगासमोर आणली ती अ‍ॅपलेटच्या रूपात, हॉटजावा ब्राउझरसोबत. वेगवेगळ्या साइटवरून आलेले अ‍ॅपलेट एकाच ब्राउझरमध्ये, एकाच जेव्हीएममध्ये चालणार होते. दोन साइटनी आपापल्या क्लासला एकच नाव दिलं तर एकाने दुसऱ्याच्या कोडमध्ये शिरायचं नाही, हे सुरक्षिततेसाठी आवश्यक होतं. म्हणून प्रत्येक उगमस्थानाला वेगळा लोडर, आणि प्रत्येक लोडरला नावांचा स्वतःचा वेगळा संसार.

कल्पना चांगली होती, पण तिच्यात भोक होतं. १९९७ मध्ये विजय सारस्वत यांनी एक टिपण लिहून दाखवून दिलं की दोन लोडरमध्ये एकाच नावाचे दोन क्लास ठेवून जावाच्या टाइप सिस्टिमला चक्क फसवता येतं. एका क्लासचा ऑब्जेक्ट दुसऱ्याच्या नावाने वापरता येतो आणि प्रायव्हेट म्हणून ठेवलेली माहितीही बाहेर काढता येते. त्यावरचं उत्तर सनच्या शेंग लियांग आणि गिलाड ब्राखा यांनी १९९८ च्या ऊप्स्ला परिषदेतल्या निबंधात मांडलं. दोन लोडरमधले क्लास एकमेकांशी बोलायला लागले की मेथडच्या सिग्नेचरमध्ये येणाऱ्या प्रत्येक टाइपबद्दल दोन्ही लोडरचं एकमत असायलाच हवं, अशी अट जेव्हीएम लिहून ठेवतं. अट मोडली तर लिंकेज एरर. आज आपल्याला ‘लोडर कन्स्ट्रेंट व्हायोलेशन’ असा जो लांबलचक, वाचवत नाही असा संदेश दिसतो, तो त्या निबंधाचा थेट वारस आहे. लोक त्याला शिव्या देतात, पण तो नसता तर त्याच जागी डेटा गुपचूप बिघडला असता.

त्याच सुमारास, १९९८ च्या अखेरीस आलेल्या जावा १.२ ने डेलिगेशनची रीत रूढ केली. लोडरने क्लास स्वतः शोधण्याआधी पालक लोडरला विचारायचं, पालकाने आपल्या पालकाला, आणि वरून नकार आला तरच स्वतः हात घालायचा. या रीतीचा एक परिणाम मनात पक्का बसला पाहिजे: खालच्याला वरचं दिसतं, वरच्याला खालचं दिसत नाही. पुढे ज्या भानगडी येतात त्यातल्या बऱ्याच या एका वाक्यात सामावलेल्या आहेत.

मग आले सर्व्हलेट कंटेनर, आणि त्यांनी ही रीत उलटी केली. एकाच सर्व्हरवर पाच अ‍ॅप्लिकेशन असतील तर प्रत्येकाला आपल्या आवडीची, आपल्या आवृत्तीची लायब्ररी वापरता यावी, ही मागणी रास्त होती. २००१ मधल्या सर्व्हलेट २.३ च्या स्पेसिफिकेशनमध्ये तशी शिफारसच आहे: वॉर फाइलमधल्या क्लासना कंटेनरच्या सामाईक जारपेक्षा आधी संधी द्यावी. टॉमकॅटमध्ये त्यामुळे क्रम असा लागतो: आधी जावाचे स्वतःचे मूळ क्लास, त्यांना कुणी हात लावू शकत नाही. मग वेब-इन्फमधलं क्लासेस फोल्डर, मग तिथलंच लिब, आणि त्यानंतर सिस्टिम व कॉमन लोडर. म्हणजे पोराने आधी आपल्या खिशात बघायचं, नाही सापडलं तर बापाकडे जायचं. याला अपवाद सर्व्हलेट एपीआयचा. तो वॉरमधून कधीच घ्यायचा नाही, कारण सर्व्हलेट नावाचा इंटरफेस कंटेनर आणि अ‍ॅप्लिकेशन यांच्यातला करार आहे. दोघांकडे कराराच्या वेगवेगळ्या प्रती असून चालत नाही. म्हणून वेब-इन्फच्या लिबमध्ये सर्व्हलेट एपीआयचा जार दिसला की टॉमकॅट लॉगमध्ये ‘जार लोड केला नाही’ अशी ओळ टाकतो, स्पेसिफिकेशनचं कलम आणि आक्षेपार्ह क्लासचं नाव देतो आणि पुढे जातो. ही ओळ हजारो लॉगमध्ये पडून असते. ती वाचली असती तर मॅव्हनच्या फाइलमध्ये ‘प्रोव्हायडेड’ हा स्कोप लिहायचा राहिला आहे हे तेव्हाच कळलं असतं.

सर्व्हलेटच्या जारला टॉमकॅटने दारातच अडवलं, पण त्याच्या भावंडांकडे सुरुवातीला कुणाचं लक्ष नव्हतं. एक्स्प्रेशन लँग्वेजचा, म्हणजे ईएलचा, जार कोणत्यातरी लायब्ररीच्या शेपटीला बांधून वॉरमध्ये यायचा. टॉमकॅट ६ च्या काळात जेएसपी पान उघडलं की लिंकेज एरर. तो संदेश सावकाश वाचण्यासारखा आहे. त्यात म्हटलेलं असतं की ‘जेएसपी अ‍ॅप्लिकेशन कॉन्टेक्स्ट’ची ‘गेट एक्स्प्रेशन फॅक्टरी’ ही मेथड जोडताना चालू क्लासचा लोडर, म्हणजे ‘जॅस्पर लोडर’, आणि मेथड ज्या क्लासमध्ये आहे त्याचा लोडर, म्हणजे ‘स्टँडर्ड क्लासलोडर’, या दोघांकडे ‘एक्स्प्रेशन फॅक्टरी’ या टाइपसाठी वेगवेगळे क्लास आहेत. यात सगळं आलं. जॅस्पर लोडर हा जेएसपीपासून तयार झालेल्या क्लासचा लोडर, वेबअ‍ॅपच्या लोडरचं पोर. त्याला वॉरमधला ईएल दिसला. स्टँडर्ड क्लासलोडर हा टॉमकॅटचा सामाईक. त्याला टॉमकॅटच्या लिबमधला ईएल दिसला. मेथड जो टाइप परत देते तो दोघांच्या लेखी निराळा, म्हणून जेव्हीएमने हात जोडले. वॉरमधून ईएलचा जार काढा, पान उघडतं. पुढच्या आवृत्त्यांत टॉमकॅटने सर्व्हलेटप्रमाणे ईएलच्या जारलाही दारात अडवायला सुरुवात केली. हा संदेश मी वाचकाला या पुस्तकात तुकड्यातुकड्याने वाचायला लावला आहे, कारण एवढं नेमकं निदान आयतं हातात देणारी चूक दुसरी नाही आणि लोक नेमकी तीच न वाचता गुगलमध्ये चिकटवतात.

याच्या उलट स्वभावाची चूक म्हणजे नोक्लासडेफफाउंडएरर. ती नाव एकाचं घेते आणि दोष दुसऱ्याचा असतो. चोर सोडून संन्याशाला फाशी. समजा, रिपोर्ट तयार करणारी एक लायब्ररी कुणीतरी सोयीसाठी टॉमकॅटच्या लिबमध्ये ठेवली आणि तिला लागणारी दुसरी लायब्ररी वॉरमध्ये आहे. पहिलीचे क्लास सामाईक लोडरने आणले. त्यांना काही लागलं तर ते आपल्याच लोडरला विचारणार, आणि तो वरचा असल्याने त्याला वॉरमधलं दिसणार नाही. संदेशात नाव येतं वॉरमधल्या क्लासचं. सपोर्टवरचा माणूस वॉर उघडतो, क्लास तिथे बसलेला दाखवतो आणि म्हणतो, ‘जार तर आहे!’ आहेच. पण विचारणाऱ्याला तो दिसत नाही. इथे संदेशात नाव नसलेला क्लास शोधायचा असतो: मागणी कुणी केली, आणि तो मागणारा कुठे बसला आहे? स्टॅकट्रेसची पुढची ओळ बऱ्याचदा ते सांगते.

याच एररचा दुसरा अवतार आणखी चकवणारा आहे. ‘क्लास इनिशियलाइज करता आला नाही’ असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ क्लास सापडला, लोडही झाला, पण त्याचा स्टॅटिक भाग चालवताना कुठेतरी काही फुटलं. फुटण्याचं खरं कारण फक्त पहिल्या वेळी छापलं जातं, ‘एक्सेप्शन इन इनिशियलायझर’ या नावाने. ते कदाचित पहाटे चार वाजता लॉगमध्ये पडलं असेल आणि तुम्ही दुपारचा लॉग बघत असाल. जावा १७ पासून मूळ कारणाचा उल्लेख नंतरच्या संदेशांतही येतो. जुन्या सर्व्हरवर मात्र लॉगमध्ये मागे मागे जाण्याला पर्याय नाही.

आता दोन वेगळे लोडर नसतानाही होणारा संघर्ष. एकाच वेब-इन्फच्या लिबमध्ये एका क्लासचे दोन जार. याचं नमुनेदार उदाहरण म्हणजे बाइटकोड हाताळणारी एएसएम ही लायब्ररी. तिच्या चौथ्या आवृत्तीत ‘क्लास व्हिजिटर’ हा इंटरफेस होता तो अ‍ॅबस्ट्रॅक्ट क्लास झाला. याच सुमारास तिचा मॅव्हनमधला ग्रुपही बदलला. मॅव्हनच्या हिशेबी जुनी आणि नवी एएसएम या दोन वेगळ्या लायब्ररी झाल्या, म्हणून आवृत्त्यांमधली निवड करायचा प्रश्नच त्याच्यापुढे आला नाही आणि दोन्ही जार वॉरमध्ये शिरले. जुन्या जारचा क्लास आधी सापडला तर नव्यावर बेतलेली लायब्ररी ओरडणार, ‘ज्याला सुपरक्लास म्हणून धरलं तो इंटरफेस निघाला’. नव्याचा आधी सापडला तर जुन्यावर बेतलेली ओरडणार.

आधी कोणता सापडणार, हे ठरवतं कोण? टॉमकॅट ७ पर्यंत लिबमधल्या जारची यादी नावाच्या क्रमाने लावलेली असे. टॉमकॅट ८ मध्ये फाइली वाचण्याची व्यवस्था नव्याने लिहिली गेली आणि क्रम फाइल सिस्टिम देईल तो झाला. विंडोजच्या एनटीएफएसवर यादी बहुधा वर्णक्रमानेच मिळते. लिनक्सच्या एक्स्ट४ वर ती नावांच्या हॅशनुसार, म्हणजे आपल्या दृष्टीने मनमानी मिळते. डेव्हलपरच्या लॅपटॉपवर जे अ‍ॅप्लिकेशन सुरळीत चालतं ते टेस्ट सर्व्हरवर पडतं, आणि वॉर मात्र तंतोतंत एकच असतं. ‘माझ्या मशीनवर तर चालतंय’ हे वाक्य कितीही बदनाम असलं तरी इथे ते बोलणारा खोटं बोलत नसतो. आणखी एक बारकावा: निवड जारची होत नाही, एकेका क्लासची होते. जो क्लास दोन्ही जारमध्ये आहे तो पहिल्यातून येतो, जो फक्त दुसऱ्यात आहे तो दुसऱ्यातून. चालू अ‍ॅप्लिकेशनमध्ये मग कुणी कधी प्रसिद्धच न केलेली आवृत्ती धावत असते, अर्धी जुनी, अर्धी नवी. टॉमकॅटच्या कर्त्यांनी वर्णक्रम परत आणला नाही आणि माझ्या मते ते बरोबरच होतं. क्रमावर विसंबलेलं वॉर आधीपासूनच मोडकं असतं.

लॉगिंगचं प्रकरण या पुस्तकात सर्वात मोठं झालं आहे, त्याला कारण आहे. कॉमन्स लॉगिंग या छोट्याशा जारने २००० च्या दशकात जेवढ्या लोकांच्या रात्री खाल्ल्या तेवढ्या मोठमोठ्या फ्रेमवर्कनीही खाल्ल्या नसतील. या लायब्ररीचं काम एवढंच होतं की मागे लॉग४जे असो की जावाचं स्वतःचं लॉगिंग, पुढे एकच एपीआय द्यायचा. मागे कोण आहे हे ती चालू असताना, थ्रेडच्या कॉन्टेक्स्ट क्लासलोडरला विचारून शोधायची. तीच लायब्ररी सर्व्हरच्या पातळीवरही असायची आणि वॉरमध्येही. वरच्या प्रतीने खालच्या लोडरमधून लॉगर उचलला की तो लॉगर ‘लॉग’ नावाच्या इंटरफेसची अंमलबजावणी करत असे, पण ती खालच्या ‘लॉग’ची. त्यावर ती लायब्ररी स्वतःच तक्रार करी: लोडरची उतरंड अवैध आहे, ‘लॉग’च्या एकाहून अधिक आवृत्त्या दिसत आहेत आणि याला परवानगी नाही. लॉग४जेचे कर्ते जेकी ग्युल्जू यांनी या त्रासांचं सविस्तर वर्गीकरण लिहिलं आणि पुढे एसएलएफ४जे ही लायब्ररी काढली, जिने मागचा लॉगर चालताना शोधायचा नाद सोडून तो जोडणीच्या वेळीच ठरवला. टॉमकॅटने तर स्वतःच्या वापरासाठी कॉमन्स लॉगिंगची पॅकेजचं नाव बदललेली प्रत काढली, म्हणजे अ‍ॅप्लिकेशनच्या प्रतीशी टक्करच नको. पॅकेजचं नाव बदलून गाठोडं आपल्यात बांधून घेण्याची ही युक्ती पुढे पुष्कळांनी उचलली. आज कॉमन्स लॉगिंगचा ‘लॉग फॅक्टरी’ हा क्लास मूळ जारमध्ये आहे, एसएलएफ४जेच्या पुलाच्या जारमध्ये आहे, आणि स्प्रिंग ५ मध्ये तो स्प्रिंगच्या स्वतःच्या जारमध्येही आला. तिन्ही जारची नावं वेगळी, आतला क्लास एकच.

कॉन्टेक्स्ट क्लासलोडरचं नाव निघालंच आहे तर त्याच्यावर चार शब्द. जावा १.२ मध्ये तो आला, कारण वरच्याला खालचं दिसत नाही या नियमाने जावाच्या स्वतःच्या लायब्ररींची गोची झाली. एक्सएमएल पार्सर किंवा जेएनडीआयचा मूळ कोड सर्वात वर, आणि त्याला हवी ती अंमलबजावणी खाली वॉरमध्ये. म्हणून प्रत्येक थ्रेडच्या हातात एक लोडर देऊन ठेवला: वरच्याने अडचणीत थ्रेडला विचारावं. ही मागच्या दाराची सोय आहे आणि मागच्या दारासारखीच ती वापरली जाते, कुणी कधी कुलूप लावलं याची नोंद न ठेवता. थ्रेड कुणी तयार केला यावर उत्तर बदलतं. जावा ८ मध्ये सामाईक फोर्क-जॉइन पूलमधल्या थ्रेडना तयार करणाऱ्याचा लोडर वारशाने मिळे. जावा ९ पासून त्यांना सिस्टिम लोडर मिळतो. स्प्रिंग बूटच्या एकाच फुगलेल्या जारमध्ये अ‍ॅप्लिकेशनच्या लायब्ररी सिस्टिम लोडरला दिसतच नाहीत. परिणामी ‘कम्प्लीटेबल फ्यूचर’च्या आत एखादी सर्व्हिस शोधणारा कोड जावा ८ वर वर्षानुवर्षं चालला आणि जावा ११ वर नेल्याबरोबर ‘अंमलबजावणी सापडली नाही’ म्हणू लागला. कोडची एक ओळ बदललेली नाही. स्प्रिंग बूट आलं म्हणजे सर्व्हर गेला आणि सर्व्हरबरोबर क्लासलोडरच्या कटकटी गेल्या, असं म्हणणारे मला भेटतात. त्यांनी आपल्या फुगलेल्या जारमध्ये कोण कुणाचा लोडर आहे ते एकदा बघावं.

डेटाबेस ड्रायव्हरची गोष्ट याच जातीची, पण तिच्यात थोडा विनोदही आहे. जेडीबीसीचा ‘ड्रायव्हर मॅनेजर’ पहिल्यांदा वापरला जाताना एकदाच आजूबाजूचे ड्रायव्हर शोधतो. टॉमकॅटमध्ये मेमरी गळती रोखणारा एक लिसनर आहे. तो सर्व्हर सुरू होतानाच, कोणतंही अ‍ॅप्लिकेशन येण्याआधी, ड्रायव्हर मॅनेजरला जागं करतो. त्यामुळे वेब-इन्फच्या लिबमधले ड्रायव्हर त्या एकमेव शोधात सापडतच नाहीत, आणि लोकांना ‘योग्य ड्रायव्हर नाही’ असं उत्तर मिळतं. एक चूक टाळायला केलेल्या सोयीतून दुसरी चूक. उपाय जुनाच आहे, ड्रायव्हरचा क्लास नाव घेऊन लोड करायचा किंवा कनेक्शन पूलला तो सांगायचा. पण नव्या पिढीने ‘आता त्याची गरज नाही’ असं कुठेतरी वाचलेलं असतं.

पुन्हा पुन्हा डिप्लॉय केल्यावर जुना लोडर मेमरीतून न जाणं, हा विषय पुस्तकात आहे पण मुद्दाम आखडता घेतला आहे. जावा ८ ने २०१४ मध्ये पर्मजेन काढून मेटास्पेस आणल्यापासून त्याची धार कमी झाली. गळती थांबलेली नाही, भांडं मोठं झालं आहे इतकंच. एखादा थ्रेडलोकल, न थांबवलेला थ्रेड किंवा नोंद न काढलेला ड्रायव्हर जुन्या वेबअ‍ॅपच्या लोडरला धरून ठेवतो, आणि त्या लोडरबरोबर त्याचे सगळे क्लास अडकतात. ते अ‍ॅप्लिकेशन बंद करताना टॉमकॅट त्या थ्रेडचं नाव घेऊन इशारा देतो. तेवढं पाहिलं तरी पुरे. वेबलॉजिक, वेबस्फिअर आणि जेबॉस यांनाही एकेकच प्रकरण दिलं आहे. वेबस्फिअरमध्ये ‘पालक आधी’ की ‘पालक शेवटी’ हे प्रत्येक अ‍ॅप्लिकेशनला निवडता येतं, वेबलॉजिकमध्ये कोणती पॅकेज वॉरमधून घ्यायची ते यादी करून सांगता येतं, आणि जेबॉसने २०११ मध्ये सातव्या आवृत्तीत जुनी रचना टाकून मॉड्यूलची व्यवस्था आणली. या सोयी उपयोगी आहेत, पण चूक समजून न घेता ‘पालक शेवटी’ करून बघणारे फार. एक चूक जाते आणि तिच्या जागी लिंकेज एरर येतो: आगीतून फुफाट्यात.

जावा ९ च्या मॉड्यूलनी हे सगळं संपेल अशी हवा २०१७ मध्ये होती. वेब अ‍ॅप्लिकेशनपुरतं तसं झालं नाही, कारण वॉरमधला कोड त्या लोडरच्या निनावी मॉड्यूलमध्ये जाऊन पडतो आणि आत जुनेच नियम चालतात. खरी उलथापालथ दुसरीकडून झाली. ‘जावाएक्स’ नावाच्या पॅकेजमध्ये पुढे बदल करायला ओरॅकलची परवानगी न मिळाल्याने २०२० च्या अखेरीस आलेल्या जकार्ता ईई ९ ने सगळ्या पॅकेजची नावं ‘जकार्ता’ केली. टॉमकॅट १० मध्ये जुनं वॉर टाकलं की त्यातले सर्व्हलेट कंटेनरला सर्व्हलेट वाटतच नाहीत, कारण करारावरचं नावच बदललं. इथेही ‘जार आहे का’ म्हणणारे लोक जुना सर्व्हलेट एपीआय वॉरमध्ये कोंबतात. अ‍ॅप्लिकेशन मग कंपाइल होतं, चालूही होतं, आणि सर्व्हलेटच्या पत्त्यांवर बऱ्याचदा नुसतं ४०४ देतं. एररसुद्धा नाही! टॉमकॅटने वॉरमधली नावं बदलून देणारं साधन दिलं आहे आणि जुनी वॉर टाकण्यासाठी वेगळं फोल्डरही, त्याची माहिती पुस्तकात आहे.

साधनांबद्दल. महागडं काही लागत नाही. संशयित क्लासचा ‘प्रोटेक्शन डोमेन’ घेऊन त्याचा ‘कोड सोर्स’ छापला की तो कोणत्या जारमधून आला ते कळतं. जावाच्या मूळ क्लासना हा सोर्स ‘नल’ येतो हे लक्षात ठेवा, नाहीतर निदान करणारी ओळच नलपॉइंटर देईल. त्या क्लासचा लोडर छापा, मग त्याचा पालक, मग त्याचा पालक, ‘नल’ येईपर्यंत. लोडरला ‘गेट रिसोर्सेस’ विचारून तीच क्लास फाइल आणखी कुठे कुठे दिसते ते बघा; एकाहून जास्त पत्ते आले की शोध बहुधा संपतो. कोड बदलता येत नसेल तर जावा ८ वर ‘-व्हर्बोज:क्लास’ आणि पुढच्या आवृत्त्यांवर ‘-एक्सलॉग:क्लास+लोड’ हे पर्याय आहेत. जावा ११ पासून जेसीएमडीने लोडरची पूर्ण उतरंड छापता येते. प्रॉडक्शनमध्ये सर्व्हर न थांबवता बघायचं असेल तर अलिबाबाने खुलं केलेलं आर्थस उत्तम. बिल्डच्या पातळीवर मॅव्हनची डिपेन्डन्सी ट्री आणि एकच क्लास दोन जारमध्ये असेल तर बिल्डच पाडणारा एन्फोर्सरचा नियम. हा नियम जुन्या प्रोजेक्टला लावला की पहिल्या दिवशी यादी पानभर येते आणि टीम तो बंद करते. बंद करू नका. अपवादांची यादी लिहा आणि ती दर रिलीजला थोडी थोडी कमी करा.

वाचक म्हणून माझ्या डोळ्यांसमोर आहे तो कोड लिहिणाऱ्यापेक्षा तो चालता ठेवणारा माणूस. पुण्या-मुंबईत आणि त्यांच्या बरोबरीने जगभर पसरलेली जी मराठी मंडळी परक्या बँकांची, विमा कंपन्यांची जुनी जावा अ‍ॅप्लिकेशन सांभाळतात, त्यांच्या हातात मूळ लेखकाची टीम नसते, बऱ्याचदा सोर्सही नसतो; असतो तो लॉग आणि वॉर. म्हणून पुस्तकातलं प्रत्येक प्रकरण लॉगमधल्या एका संदेशापासून सुरू होतं आणि मागे जातं. क्लासलोडरची अंतर्गत रचना क्रमाने शिकवणारी पुस्तकं आहेत, हे त्यातलं नाही. ओएसजीआय पूर्ण वगळलं आहे, कारण ते अर्धवट सांगण्यापेक्षा न सांगितलेलं बरं.

उदाहरणं जावा १७ आणि टॉमकॅट १०.१ वर चालवायची आहेत. जारच्या क्रमाचा प्रयोग लिनक्सवर करा, विंडोजवर तो फसण्याची शक्यता जास्त. ईएल, कॉमन्स लॉगिंग आणि एएसएमची प्रकरणं मात्र जावा ८ आणि त्या त्या काळातल्या टॉमकॅटवरच खरी दिसतात, तेव्हा एका कोपऱ्यात जुनी आवृत्ती टाकून ठेवा. ज्यांचा सर्व्हर या घटकेला पडलेला आहे त्यांनी मागच्या पानांवरची संदेशांची सूची उघडावी. आपल्या लॉगमधला संदेश तिथे शोधून थेट त्या प्रकरणाकडे जावं, आणि जाण्याआधी लिब फोल्डरमध्ये नवा जार टाकू नये.